एंजिनाचा सूर

मोटारीचे एंजिन नीट जुळवून घेण्याच्या कामास आपल्याकडील कारागीर 'ट्यूनिंग' म्हणतात. हा शब्द मूळचा गायनवादनातला आहे, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असेल. तंबोरा लावताना तार जितकी अधिक ताणावी तितका सूर अधिक चांगला, असे कोणी समजत नाही; तार, घोडी आणि जवारी ह्यांचा मेळ बसला पाहिजे, हे पोरासही कळते. परंतु मोटारीच्या बाबतीत मात्र सुशिक्षित माणसेही अशी समजूत करून घेतात की, जितका आवाज मोठा तितकी शक्ती अधिक. ही समजूत किती फोल आहे हे दाखविण्यास इंग्लंडातील एका धाकट्या मोटारीचा इतिहास पुरेसा आहे. आमचा व्यवसाय इतिहासाचा, यंत्रांचा नव्हे. तथापि यंत्रांसही इतिहास असतो, व तो राजघराण्यांच्या इतिहासाइतकाच बोधप्रद असू शकतो.

1951 साली ऑस्टिन कंपनीने 'ए-30' नावाची एक साधी मोटार बाजारात आणली. तिचे एंजिन अवघे 803 घनसेंटिमीटरचे होते. पुढे 'ए-सिरीज' ह्या नावाने प्रसिद्धीस आलेल्या ह्या एंजिनात काटकसर पदोपदी दिसून येते. चार सिलिंडरांस मिश्रण आत घेण्याची चार व जळलेला वायू बाहेर टाकण्याची चार, अशी आठ द्वारे असावयास हवीत. परंतु येथे ती पाचच आहेत. आत जाण्याची दोन, प्रत्येक द्वार दोन सिलिंडरांत सामाईक. बाहेर पडण्याची तीन, त्यांपैकी मधले दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरांचे सामाईक. एकत्र कुटुंबात एकाच मोरीवर दोघांनी स्नान उरकावे तसाच हा प्रकार. आपल्याकडील ॲम्बॅसडर मोटारीत पुष्कळ वर्षे जे 1489 घनसेंटिमीटरचे एंजिन होते, ते ह्याच घराण्यातील थोरले भावंड होय.

1956 साली सुएझचा पेच निर्माण झाला आणि इंग्लंडात पेट्रोलची टंचाई भासू लागली. तेव्हा ऑस्टिन व मॉरिस ह्यांच्या विलीनीकरणातून झालेल्या कंपनीचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड ह्यांनी, स्मर्ना येथे जन्मलेल्या ॲलेक इसिगॉनिस ह्या अभियंत्याकडे लहान मोटार घडविण्याचे काम सोपविले. 1959 च्या ऑगस्टात 'मिनी' जगापुढे आली. एंजिन आडवे बसवून व गिअरबॉक्स त्याच्या खालीच ठेवून, अवघ्या दहा फूट लांबीच्या गाडीत चार माणसांची सोय केलेली होती. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. नमुन्याच्या गाड्यांत 948 घनसेंटिमीटरचे एंजिन होते. त्यांचा वेग त्या काळच्या कुटुंबवत्सल चालकास झेपणारा नाही, असे पाहून ते मुद्दाम 848 वर आणले गेले. मिनीच्या अंगी जी शक्ती होती, ती तिच्या जनकांनीच आवरून धरली होती. तिच्या 34 अश्वशक्तीवर गाडी ताशी सुमारे 72 मैल धावे.

ही आवरलेली शक्ती जॉन कूपर ह्यांच्या नजरेतून सुटली नाही. त्यांच्या कारखान्याच्या शर्यतीच्या मोटारींनी 1959 व 1960 अशी लागोपाठ दोन वर्षे जागतिक विजेतेपद मिळविले होते. त्यांच्या आग्रहावरून 1961 साली 'मिनी कूपर' निघाली : 997 घनसेंटिमीटर, दोन कार्ब्युरेटर, वायू मोकळेपणी वाहून नेणारी तीन नळ्यांची धुराडी, आणि 55 अश्वशक्ती. आकारमान एकषष्ठांशाहून थोडे अधिक वाढले, तर शक्ती दीडपटीहून अधिक झाली. तेव्हा हा लाभ केवळ आकाराचा नव्हता, मुख्यतः श्वासाचा होता, हे उघड आहे. त्याच सुमारास विल्टशरमधील डाउन्टन गावी डॅनिअल रिचमंड व त्यांची पत्नी हीच एंजिने घेऊन त्यांची द्वारे घासूनपुसून निर्वेध करीत होती. त्यांचे काम इतके सरस ठरले की, खुद्द कंपनीने रिचमंड ह्यांस सल्लागार नेमले. 1964, 1965 व 1967 ह्या वर्षी मिनीने मॉंटे कार्लोची बर्फाळ शर्यत जिंकली, व धाकटी गाडी थोरांच्या पंक्तीस बसली.

आता ह्या विद्येचे मर्म पाहू. बाहेर जाण्याची झडप उघडताच जळलेला वायू मोठ्या दाबाने नळीत शिरतो, व त्या दाबाची एक लाट नळीतून पुढे धावते. नळीचे उघडे टोक आले की ती उलटून मागे फिरते. परंतु फिरताना ती दाबाची राहत नाही, ओढीची होते. ही ओढ नेमक्या क्षणी, म्हणजे दोन्ही झडपा किंचित् उघड्या असताना, परत पोहोचली, तर उरलासुरला धूर ती ओढून काढते व ताज्या मिश्रणास आत बोलावते. नळीची लांबी बदलली की हा मुहूर्त बदलतो. म्हणूनच एकच नळी सर्व गतींस सारखीच मानवत नाही. मिनीच्या एंजिनात सिलिंडर 1, 3, 4, 2 ह्या क्रमाने पेटतात. दुसरा व तिसरा ह्यांत एक पूर्ण फेऱ्याचे अंतर असते, पहिला व चौथा ह्यांतही तितकेच; त्यामुळे ह्या जोड्यांत आपापसांत कलह नाही. कलह आहे तो शेजारच्या जोडीशी. म्हणून जाणत्यांनी युक्ती काढली की, कडेच्या दोन नळ्या एकमेकींस जोडाव्या, मधली नळी वेगळी व लांब न्यावी, आणि पुष्कळ खाली गेल्यावर सर्वांचा संगम करावा.

येथेच उतावळा मनुष्य फसतो. मोकळी नळी चांगली, तर अधिक रुंद नळी अधिक चांगली, असे समजून तो तोफेच्या तोंडाएवढी नळी लावतो. रुंद नळीत वायूचा वेग मंदावतो, आणि ज्या मिनिटास दोन-तीन हजार फेऱ्यांवर गाडी नित्य चालावयाची, तेथेच एंजिन निर्जीव होते. शर्यतीचा कॅमशाफ्ट बसविण्याचेही फळ तेच : सहा हजार फेऱ्यांवर गर्जना, आणि चौकात थांबताच आचके. रस्त्यावरील गाडीचे हित कशात, हे ठरविण्याचा अधिकार रस्त्याचा आहे, शर्यतीच्या मैदानाचा नव्हे. म्हणून क्रम असा असावा : प्रथम चारही सिलिंडरांचा दाब समान आहे ना, टॅपेट, प्लग व ठिणगीची वेळ बरोबर आहे ना, हे पाहावे, मग धुराडी, ती बदलल्यावर मिश्रण पातळ पडते, म्हणून कार्ब्युरेटरची सुई, मग द्वारांची सफाई, आणि कॅमशाफ्ट सर्वांच्या शेवटी, तोही सौम्य.

एक शंका उरते. जुन्या वस्तूत असा फेरफार करणे हा तिच्याशी द्रोह नव्हे काय? जुन्या पोथीत आपल्या पदरच्या ओव्या घुसडणाऱ्यास आम्ही अपराधी मानतो. परंतु मोटार ही चालण्यासाठी आहे, व काळ तिला जसेच्या तसे चालू देत नाही. आपल्याकडे 2000 साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. झडपांच्या बैठकांचे रक्षण करणारे शिसे गेले, तेव्हा त्या कठीण धातूच्या कराव्या लागल्या. आता वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले. जुन्या रबरी नळ्या त्याने फुगतात, मिश्रण पातळ होते, सुई पुन्हा बदलावी लागते. हे फेरफार द्रोह नव्हेत, जीर्णोद्धार होत. आमची विनंती इतकीच की, काढलेला प्रत्येक मूळ भाग जपून ठेवावा व काय बदलले त्याची नोंद करावी, म्हणजे पुढील पिढीस मूळ पाठ शोधता येईल.

ए-सिरीज एंजिनाची मिनी 2000 साली कायमची थांबली. एकेचाळीस वर्षांच्या तिच्या आयुष्यात ह्या उणिवांनी भरलेल्या एंजिनातून जे सामर्थ्य निघाले, ते त्याच्या मर्यादा ओळखणाऱ्यांनी काढले. मध्यरात्री सायलेन्सर काढून आमच्या गल्लीतून गर्जत जाणाऱ्या तरुणांच्या कानी हे कोणी घालील तर बरे होईल. त्यांच्या वाहनातून जो आवाज बाहेर पडतो तो शक्तीचा नव्हे. सूर न लागल्याचा आहे.