गाडीच्या मीटरवर बॅटरीचा लाल दिवा लागला? बॅटरी बदलण्याआधी हे वाचा

संध्याकाळची वेळ. मलकापूरहून बुलढाण्याला निघालेली गाडी मोताळा मागे टाकून राजूर घाट चढायला लागते. हेडलाइट चालू, एसी चालू, मोबाईल चार्जिंगला. आणि अचानक मीटरवर बॅटरीच्या आकाराचं लाल चिन्ह उजळतं.

गाडी मात्र नेहमीसारखीच चालत असते. त्यामुळे बरेच जण म्हणतात, "बॅटरी जुनी झाली असेल, उद्या बघू." आणि तसेच पुढे जातात.

गडबड इथेच होते. कारण हा दिवा बहुतेक वेळा बॅटरी खराब झाल्याचं सांगतच नाही. बॅटरीत नवी वीज भरली जात नाहीये, एवढंच तो सांगतो. म्हणजे गाडी आता साठवलेल्या विजेवर चालली आहे आणि तो साठा संपत चालला आहे.

आधी रंग बघायचा

डॅशबोर्डवरची चिन्हं जगभर जवळपास सारखीच असतात. त्यासाठी आयएसओ २५७५ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. रंगांचा अर्थही सोपा आहे.

- लाल : धोका. लवकरात लवकर सुरक्षित जागी थांबा.
- पिवळा किंवा केशरी : बिघाड आहे. गाडी चालेल, पण तपासणी टाळू नका.
- हिरवा आणि निळा : एखादी गोष्ट चालू आहे, एवढंच. निळा म्हणजे हेडलाइटचा अप्पर.

चावी ऑन केल्यावर काही क्षण बरेच दिवे एकदम लागतात. तो बिघाड नसतो, गाडी स्वतःची तपासणी करत असते. बॅटरी आणि ऑइलचा दिवा इंजिन चालू झाल्यावर विझायला हवा. चावी ऑन करूनही बॅटरीचा दिवा लागतच नसेल, तर तेही चांगलं लक्षण नाही. मग खरा बिघाड झाला तरी गाडी ते सांगू शकणार नाही.

बॅटरीचा दिवा नेमकं काय सांगतो?

बॅटरीचं मुख्य काम सेल्फ फिरवून इंजिन चालू करणं. त्यानंतर गाडीला वीज पुरवतो तो अल्टरनेटर, ज्याला गॅरेजमध्ये आजही डायनामोच म्हणतात. इंजिनचा पट्टा त्याला फिरवतो. तो वीज तयार करतो आणि बॅटरीही भरतो. ही साखळी कुठेही तुटली की लाल दिवा लागतो.

साखळी तुटण्याची नेहमीची कारणं अशी :

- पट्टा तुटणं किंवा ढिला होणं
- डायनामोचे कार्बन ब्रश झिजणं, रेग्युलेटर किंवा डायोड जाणं
- बॅटरीचे टर्मिनल ढिले होणं किंवा त्यावर पांढरी-हिरवी पूड साचणं
- मोठा फ्यूज जाणं किंवा उंदरांनी वायर कुरतडणं

यात बॅटरी कुठेच नाही. म्हणूनच नवी बॅटरी टाकूनही दोन दिवसांनी गाडी पुन्हा बंद पडते आणि पैसे वाया जातात.

हातात वेळ किती?

साधा हिशोब करू. लहान पेट्रोल गाडीत साधारण ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते. ५५ वॅटचे दोन हॅलोजन हेडलाइट म्हणजे ११० वॅट, म्हणजेच सुमारे ९ अँपिअर. त्यात पेट्रोल पंप, इंजिनचा कॉम्प्युटर, ब्लोअर आणि रेडिएटरचा पंखा धरला, तर खर्च सहज २५-३० अँपिअरवर जातो. कागदावर तासभर दिसतो. प्रत्यक्षात बॅटरी पूर्ण रिकामी होण्याआधीच व्होल्टेज पडतं आणि इंजिन बंद होतं. जुन्या बॅटरीवर अर्ध्या तासाचीही खात्री नाही.

घाटाखाली खामगाव, शेगाव, मलकापूर भागात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. बॅटरी उन्हाळ्यात लवकर झिजते आणि पुढे पावसाळ्यात वायपर, हेडलाइट, ब्लोअर एकदम चालू झाले की तिची कमजोरी उघडी पडते.

दिवा कधी लागतो, यावरून अंदाज

- सतत पेटलेला : पट्टा तुटला असेल किंवा डायनामो बंद पडला असेल.
- उभ्या गाडीत लुकलुकतो, रेस दिल्यावर विझतो : पट्टा ढिला किंवा ब्रश झिजलेले.
- पावसात किंवा पाण्यातून गेल्यावर लागतो, सोबत चरचर आवाज : पट्टा घसरतोय.
- खड्ड्यात आदळल्यावर लागतो-विझतो : टर्मिनल किंवा वायर ढिली.
- मंद पेटून राहतो : डायोड किंवा जोडणीतला दोष असू शकतो.

कोणत्या वेळी काय झालं, हे इलेक्ट्रिशियनला सांगितलं तरी त्याचं अर्धं काम होतं.

मल्टिमीटरने दोन मिनिटांत तपासणी

काही शे रुपयांचा मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावून बॅटरीच्या दोन टोकांना धरायचा.

- इंजिन काही तास बंद असताना १२.६ च्या आसपास : बॅटरी भरलेली. १२ किंवा कमी : जवळपास रिकामी.
- इंजिन चालू असताना १३.५ ते १४.७ : चार्जिंग व्यवस्थित.
- इंजिन चालू असूनही १२.५ च्या खाली आणि आकडा घसरतोय : चार्जिंग बंद.
- १५ च्या वर : रेग्युलेटर गेला. जास्त चार्जिंगने बॅटरी तापते आणि इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात.

काही नव्या गाड्या इंधन वाचवण्यासाठी डायनामोचं व्होल्टेज मुद्दाम कमी-जास्त करतात. त्यामुळे हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवून पुन्हा मोजावं.

एक जुनी युक्ती मात्र कधीच करू द्यायची नाही. इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढायचं आणि गाडी बंद पडली तर डायनामो खराब, अशी ती "टेस्ट". टर्मिनल निघताच व्होल्टेज क्षणात उसळतं आणि इंजिनचा कॉम्प्युटर जळू शकतो. जुन्या गाड्यांमध्ये ते खपून जायचं. आजच्या गाड्यांमध्ये या एका झटक्याचा खर्च डायनामोच्या दुरुस्तीपेक्षा कितीतरी मोठा होतो.

एकदम सगळेच दिवे लागले तर?

एबीएस, स्टिअरिंग, एअरबॅग, चेक इंजिन असे पाच-सहा दिवे एकदम पेटले की माणूस घाबरतो. पण इतक्या गोष्टी एकाच वेळी सहसा बिघडत नाहीत. व्होल्टेज पडलं की प्रत्येक कॉम्प्युटर आपापली तक्रार करतो. म्हणून आधी बॅटरी, टर्मिनल आणि चार्जिंग बघायचं. ते ठीक झाल्यावर बाकीचे दिवे बरेचदा आपोआप विझतात.

तरीही पिवळा चेक इंजिन दिवा राहिलाच, तर स्टिअरिंगखालच्या १६ पिनच्या ओबीडी सॉकेटला स्कॅनर लावून कोड वाचता येतो. पी०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी, पी०५६३ म्हणजे जास्त. पण कोड बिघाडाची दिशा दाखवतो, कोणता पार्ट बदलायचा ते सांगत नाही. कोड नुसता पुसून घेतला तर दिवा जातो, बिघाड तसाच राहतो.

एअरबॅगचा दिवा एकटाच लागून राहिला, तर घरी वायरी खोलून बघू नयेत. ते काम अधिकृत वर्कशॉपचंच.

इलेक्ट्रिक गाडीतही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते. तिला डायनामो नाही, मोठ्या बॅटरीतूनच वीज मिळते. ही छोटी बॅटरी बसली, तर मोठी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही.

रस्त्यात दिवा लागला तर काय करायचं?

सगळ्यात आधी तापमानाचा काटा बघा. बऱ्याच गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. काटा वर चढत असेल किंवा ऑइलचा लाल दिवाही लागला असेल, तर लगेच बाजूला थांबून इंजिन बंद करा. तसंच चालवलं तर इंजिनच जाईल.

तसं काही नसेल, तर एसी, ब्लोअर, म्युझिक, चार्जर बंद करा. रात्री हेडलाइट बंद करू नका. सुरक्षित जागा येईपर्यंत इंजिनही बंद करू नका, कारण ते पुन्हा चालू होईलच असं नाही.

घाट उतरताना वीज किंवा इंधन वाचवायला इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलवर सोडणं जीवावर बेतू शकतं. इंजिन बंद झालं की ब्रेकचा बूस्टर एक-दोन दाबांपुरताच साथ देतो, नंतर ब्रेक दगडासारखा लागतो. स्टिअरिंगही जड होतं. चावी काढली तर ते लॉक होतं. राजूर घाटाच्या वळणावर हे झालं तर सावरायला जागा नसते. बुलढाणा-खामगाव रस्त्यावरचा बोथा घाट ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. तिथे रात्री बंद पडण्यापेक्षा घाटाआधीच्या वस्तीत थांबलेलं बरं.

मेहकर, सिंदखेडराजा भागातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर गाड्या १२० च्या वेगाने येतात. तिथे दिवा लागला तर जवळच्या इंटरचेंजवरून बाहेर पडावं. तेवढंही जमत नसेल, तर गाडी डाव्या कडेला घेऊन चारही इंडिकेटर लावावेत, लाल त्रिकोण निदान ५० मीटर मागे ठेवावा आणि सगळ्यांनी गाडीतून उतरून कठड्यापलीकडे उभं राहावं. मदतीसाठी ११२, आणि मलकापूर-खामगावसारख्या राष्ट्रीय महामार्गावर १०३३.

धक्का मारून किंवा दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला केबल लावून इंजिन चालू झालं, तरी बिघाड गेलेला नसतो. त्याने फक्त जवळच्या गॅरेजपर्यंत पोहोचण्याची सोय होते. गॅरेजमध्ये गेल्यावर "बॅटरी बदला" म्हणण्याआधी एकच सांगायचं : आधी चार्जिंग तपासा.