दारावरचे तोरण

आमच्या छत्रपती संभाजीनगरास कोणी परगावचा पाहुणा आला, म्हणजे त्यास प्रथम दरवाजे दाखविण्याची चाल आहे. मलिक अंबराने 1610 साली खडकी वसविली. दोन वर्षांनी भडकल दरवाजा उभा राहिला. पुढे औरंगजेबाने 1682 साली शहरास तट घातला, तेव्हा दिल्लीकडे तोंड केलेला दिल्ली दरवाजा आणि पैठणकडे तोंड केलेला पैठण दरवाजा, अशी वाटांची नावे दरवाज्यांस मिळाली. बावन्न दरवाज्यांचे शहर ही आमची ख्याती. बावन्न हा आकडा मोजणीचा कमी आणि अभिमानाचा अधिक, हे आम्ही पाहुण्यास सांगत नाही.

परंतु आज आम्हांस ज्या दरवाज्याविषयी लिहावयाचे आहे, तो याहून पुष्कळ लहान आहे. दोन फळ्यांचे घराचे दार, त्यावर गणेशपट्टी, पट्टीच्या दोन्ही अंगांस एकेक खिळा, आणि चैत्र शुद्ध प्रतिपदेस त्या दोन खिळ्यांमध्ये बांधलेली आंब्याच्या पानांची व फुलांची माळ. असल्या क्षुल्लक वस्तूस इतिहास तो काय असावयाचा, असे वाचकांस वाटेल. आम्हांसही पुष्कळ वर्षे तसेच वाटत होते.

प्रथम शब्दच पाहावा. अमरकोशात तोरण याचा अर्थ पानांची माळ असा नाही. तेथे तोरण म्हणजे बाहेरचे द्वार. माळेस संस्कृतात निराळे नाव होते, ते वन्दनमाला. अमरूच्या शतकात प्रवासाहून परतणाऱ्या पतीसाठी एक स्त्री वन्दनमालिका बांधते. मात्र ती कमळांची नसून तिच्या लांबवर लागलेल्या दृष्टीचीच असते, अशी कल्पना आहे. हिंदी भाषेने तोच जुना शब्द बंदनवार या रूपाने राखला. आम्ही मराठी माणसांनी मात्र माळेचे नाव टाकले आणि द्वाराचे नाव माळेस दिले. कार्यारंभ करणे यास आपण तोरण बांधणे म्हणतो. तोरणा किल्ला घेऊन शिवाजी महाराजांनी स्वराज्याचे तोरण बांधले, हे वाक्य शाळेत ऐकले नाही असा मराठी मनुष्य विरळा. या सर्व ठिकाणी आपल्या डोळ्यांपुढे येते ती पानांची माळ. दगडी कमान येत नाही.

दगडी तोरण पाहावयाचे तर सांचीस जावे. तेथील मोठ्या स्तूपास चार दिशांस चार तोरणे आहेत, सुमारे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील. दोन खांब, त्यांवर तीन आडव्या तुळया, आणि तुळयांची टोके खांबांच्या बाहेर निघून गुंडाळीसारखी वळलेली. दगड दगडावर ठेवावा तशी ही रचना नाही. सुताराने लाकडास लाकूड जोडावे तशी आहे. लाकडी तोरणे आधी होती आणि दगडाने त्यांची नक्कल केली, हे पाहताक्षणीच कळते. त्यांतील दक्षिण तोरणाच्या वरच्या तुळईवर एक लेख कोरला आहे. श्री सातकर्णी राजाच्या कारागिरांचा मुख्य, वासिष्ठीपुत्र आनंद, याचे हे दान, असा त्याचा आशय. त्याच तोरणाच्या खांबावर दुसरा लेख आहे, की हे रूपकाम विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी केले.

सातकर्णी हे सातवाहन कुळातील नाव, आणि सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आमच्या शहरापासून दक्षिणेस सुमारे 50 किलोमीटरांवरील पैठण. ज्या दिवशी आपण दारास तोरण बांधतो, त्या दिवसापासून आपल्याकडे शालिवाहन शकाचे नवे वर्ष मोजतात, आणि शालिवाहन हे नाव परंपरेने त्याच पैठणास जोडले आहे. दगडातले तोरण आणि पानांतले तोरण अशी दोन्ही एका गावाच्या आसपास येऊन भेटतात, हे ध्यानात आल्यापासून आम्ही पैठण दरवाज्याखालून पूर्वीइतक्या निष्काळजीपणे जात नाही.

पुढील काळातही आमच्या या मुलखाने दाराचे फूल सोडले नाही. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील विहारांच्या द्वारशाखांवर वेलपत्ती कोरलेली आहे, आणि बीबी का मकबऱ्याच्या प्रवेशद्वारावरील पितळी पत्र्यावर फुले उठविलेली आहेत. त्या दारावर अताउल्ला व हंसपतराय या दोघांची नावेही आहेत. दगडाचे फूल, पितळेचे फूल. करणाऱ्यांची नावे कोरून ठेवलेली. पानांच्या तोरणावर कोणा बाईने आपले नाव घातल्याचे ऐकिवात नाही.

वसंताच्या आरंभी दारास हिरवे बांधावे ही बुद्धी केवळ आपलीच, असेही नव्हे. ग्रीस देशात मे महिन्याच्या पहिल्या दिवशी रानफुलांचे वाटोळे कडे करून दारास अडकवितात आणि जूनमध्ये संत योहानाच्या सणास पेटविलेल्या होळीत ते वाळलेले कडे टाकतात. आपण सरळ रेषेत बांधतो, ते वर्तुळात. आपण वाळलेले तोरण पुढील सणापर्यंत तसेच राहू देतो, ते जाळतात. बाकी भेद फारसा नाही.

तोरणातील ज्या पिवळ्या फुलावाचून आज आपले पान हलत नाही, तो झेंडू तर मूळचा मेक्सिकोचा. सोळाव्या शतकापूर्वी तो या देशात नव्हता. त्याच्या मायदेशी नोव्हेंबरच्या आरंभी मृतांच्या स्मरणार्थ त्याच्या राशी मांडतात, आणि येथे येऊन तो मंगल झाला! म्हणजे सातवाहनांच्या पैठणात कोणी पानांची माळ बांधली असेल, तर तीत झेंडू खास नव्हता.

हे ज्ञान आम्हांस पुस्तकातून होते. त्याचा प्रत्यय 2020 साली आला. त्या वर्षी पाडवा 25 मार्चला होता आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. आमच्या घरी वर्षानुवर्षे तोरण बाजारातून येई. त्या सकाळी बाजार कोठला? आमची सौ. म्हणाली, "यंदा राहू द्या." तेव्हा आमची आई, वय वर्षे 81, पलंगावरून उठली व म्हणाली, "अरे, अंगणात आंबा आहे ना? मग तोरण विकत कशाला लागते?"

त्यानंतरचा तास आम्ही विद्यार्थी होतो. आम्ही आणलेली पाने तिने परत केली; ती तांबूस, कोवळी होती, दुपारपर्यंत लोंबली असती. गर्द हिरवी, जून, एका मापाची पाने पाहिजेत. आंब्याचे जून पान चिवट असते व वाळले तरी आकार सोडत नाही, म्हणून तर ते तोरणास घेतात. देठाशी सुतळी घालावी, पानाची पाठ दाराकडे आणि तुकतुकीत पोट रस्त्याकडे ठेवावे. झेंडू नव्हताच, दोन पानांमध्ये कण्हेरीची फुले, मधूनमधून मोगऱ्याच्या कळ्या, आणि मध्यभागी मोहरासह कडुनिंबाची डहाळी. आमची मेक्सिकोची हकीकत ऐकून आई म्हणाली, "मग बरेच झाले, नाही मिळाला तो."

आई 2023 साली गेली. त्याच्या पुढल्या वर्षी घराला रंग दिला आणि घरात प्लॅस्टिकचे तोरण आले; मखमली पाने, न कोमेजणारी फुले, मळले तर धुऊन घ्यावे. ते आणणाऱ्यास आम्ही दोष देत नाही, कारण वेळ आमच्यापाशीही नव्हता. परंतु इतिहासाच्या मास्तरास एक गोष्ट डाचल्यावाचून राहिली नाही. सांचीचे तोरण टिकले ते दगड कठीण म्हणून. पानांचे तोरण टिकले ते दरसाल वाळते म्हणून. वाळले की नवे करावे लागे, आणि नवे करावयाचे तर घरात कोणास तरी ते येत असावे लागे. न वाळणाऱ्या तोरणाने हे शिकण्याचे कारणच काढून घेतले.

यंदाच्या पाडव्यास आम्ही स्वतः सुतळी हाती घेतली. कन्येने पाने आणली ती तांबूसच. तिला परत पाठविले. दोन पाने उलटी ओवली गेली, ती उसवून सुलटी केली. तोरण होण्यास दीड तास लागला. ते घेऊन दाराशी गेलो, तो गणेशपट्टीवर खिळेच दिसेनात. प्लॅस्टिकचे तोरण चिकटपट्टीने लावलेले होते. शेवटी बोट फिरवीत गेलो, तेव्हा रंगाच्या थराखाली डाव्या अंगाचा खिळा हातास लागला, आणि मग त्याच्याच उंचीवर उजवाही.