पोचा बंपरला, दुखणे मानेला: न दिसणाऱ्या जखमेचा इतिहास

१/ सिग्नलला थांबलेल्या गाडीवर मागून दुसरी गाडी हलकेच आदळते. बंपरला जेमतेम पोचा पडतो आणि दोघेही आपापल्या वाटेने जातात. काही आठवड्यांनी मागच्या चालकाला नोटीस येते: मानेला दुखापत झाली आहे, भरपाई द्या. एवढ्याशा धडकेने माणूस खरोखर जायबंदी होतो का? हा वाद मोटारीहून जुना आहे. त्याचा उगम आगगाडीच्या डब्यात सापडतो.

२/ ९ जून १८६५. इंग्लंडमधील स्टेपलहर्स्ट येथे रेल्वे अपघातात दहा प्रवासी मरण पावले. कादंबरीकार चार्ल्स डिकन्स त्याच गाडीत होते. त्यांना गंभीर इजा झाली नाही. जखमींना त्यांनीच पाणी पाजले. पुढे मात्र रेल्वेप्रवासाच्या भीतीने त्यांना अखेरपर्यंत सोडले नाही.

३/ असे अनुभव अनेकांचे होते. अंगावर खूण नाही, पण पाठदुखी, निद्रानाश आणि थरकाप मात्र जात नाही. १८६६ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक जॉन एरिक एरिकसन यांनी या दुखण्यावर व्याख्याने प्रसिद्ध केली. हादऱ्याने मज्जासंस्थेलाच इजा होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. ‘रेल्वे स्पाइन’ हे नाव लोकांत रूढ झाले आणि भरपाईच्या दाव्यांना वैद्यकीय आधार मिळाला.

४/ १८८३ मध्ये हर्बर्ट पेज यांनी याचे खंडन केले. त्यांच्या मते बहुतेक लक्षणांचे मूळ कण्यात नसून भीतीत होते, आणि दाव्याचा निकाल लागला की अनेक रुग्ण सुधारत. पेज स्वतः एका रेल्वे कंपनीचे शल्यचिकित्सक होते, हेही ध्यानात ठेवावे.

५/ मग निव्वळ भीतीने आलेले आजारपण ही ‘इजा’ म्हणायची का? ऑस्ट्रेलियात रेल्वे फाटकावरील रखवालदाराच्या चुकीने एका दांपत्याची बग्गी धावत्या गाडीपुढे आली. धडक थोडक्यात टळली, पण पत्नी धक्क्याने आजारी पडली. १८८८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने भरपाई नाकारली. स्पर्शही झाला नसताना केवळ भयातून उद्भवलेली हानी फार दूरची, असा तो निर्णय होता.

६/ १९०१ मध्ये इंग्लंडमध्येच वारे फिरले. ‘ड्युल्यू विरुद्ध व्हाइट’ या खटल्यात घोड्यांची गाडी थेट एका मद्यगृहात घुसली होती. तिथे काम करणाऱ्या गर्भवती स्त्रीला गाडीचा स्पर्श झाला नाही, तरी धक्क्याने तिची अकाली प्रसूती झाली. न्यायमूर्ती केनेडी यांनी तिचा दावा मान्य केला. एखाद्याची कवटी मुळातच पातळ असेल, तर त्या सबबीवर चूक करणाऱ्याला सुटता येणार नाही, हे तत्त्वही त्यांनी मांडले. वरच्या मोटारचालकाला नेमके हेच तत्त्व बांधते.

७/ मोटारी वाढल्या आणि दुखणे पाठीवरून मानेवर आले. १९२८ मध्ये अमेरिकन अस्थितज्ज्ञ हॅरल्ड क्रो यांनी त्यासाठी ‘व्हिपलॅश’ हा शब्द वापरला. चाबकाच्या फटक्यासारखी मानेची हालचाल, एवढेच त्यांना सुचवायचे होते. लोकांनी ते रोगाचेच नाव केले.

८/ दाव्यांचे पैसे द्यायचे कोणी? चालक निष्कांचन असला तर निकाल जिंकूनही जखमीचे हात रिकामेच राहत. म्हणून ब्रिटनने १९३० मध्ये त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा केला. भारतात ही तरतूद १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात आली आणि १९५६ च्या दुरुस्तीने दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणांची वाट मोकळी झाली. दावा चालकावर, पैसे बहुधा विमा कंपनीचे, अशी आजची रचना यातूनच घडली.

९/ पेज यांची शंका मात्र मिटली नाही. ‘व्हिपलॅश’चे दावे फार झाले, अशी ओरड होऊन ब्रिटनने २०१८ मध्ये कायदा केला. ३१ मे २०२१ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा दुखापतींचे दरपत्रकच लागू झाले. वैद्यकीय अहवालाशिवाय तडजोड करण्यासही बंदी आली.

१०/ दीडशे वर्षांत वाहने बदलली, पेच तोच राहिला. खोट्या दाव्याला चाप लावताना खऱ्या वेदनेवर अन्याय होऊ नये, हे साधायचे कसे? बंपरवरचा पोचा मोजता येतो. मानेतली कळ मोजण्याचे माप न्यायालये आजही शोधत आहेत.