हत्ती आणि अकरा ग्रॅमची गोळी

‘बारा बोअरची बंदूक’ आपण ऐकलेली असते. हे बारा कसले? एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतली एक ज्या नळीत बरोबर बसेल ती नळी १२ बोअरची. म्हणजे आकडा लहान, तशी नळी मोठी.

फ्रेडरिक सेलूस १८७१ साली, वयाच्या १९ व्या वर्षी दक्षिण आफ्रिकेत उतरला. हत्तींसाठी त्याने घेतलेल्या ठासणीच्या बंदुका ४ बोअरच्या होत्या. गोळी पाव पौंडाची, ११३ ग्रॅमची! बार उडताना खांद्याला बसणारा धक्का असा, की या बंदुका आपण वापरल्याच नसत्या तर बरे, असे त्याने पुढे नमूद केले.

विसाव्या शतकाच्या आरंभी डब्ल्यू. डी. एम. बेल हा स्कॉटिश शिकारी युगांडाच्या उत्तरेस हत्ती मारू लागला तो ७ मिलीमीटरच्या रायफलीने. गोळी अवघी ११ ग्रॅमची. मधल्या काळात, १८८४ साली, फ्रान्समध्ये व्हिएय याने धूरविरहित दारू तयार केली होती. तिने वेग वाढला. पण त्या वेगाला नुसते शिसे नळीच्या आट्यांत सोलून निघते, म्हणून गोळीवर कठीण धातूचे वेष्टन आले.

गतिज ऊर्जा काढली तर सेलूसचीच गोळी कितीतरी वरचढ ठरते. मग बेलची गोळी मेंदूपर्यंत पोचे कशी? वस्तुमानाला छेदाच्या क्षेत्रफळाने भागून पाहू. सेलूसच्या गोळीमागे दर चौरस सेंटीमीटरला २० ग्रॅम, बेलच्या लांबट गोळीमागे २७. शिवाय मऊ शिसे हाडावर चपटे होते, वेष्टनातली गोळी होत नाही. हरणासाठी काढलेली उघड्या टोकाची गोळी मात्र हत्तीच्या कवटीत पसरून अडते आणि जनावर जखमी होऊन निघून जाते. मेंदू नेमका कुठे, हे बेलने कवट्या करवतीने कापून पाहिले होते.

(काडतुसाची निवड पदार्थविज्ञानच करते असेही नाही. बंडखोरांच्या हाती पडेल या भीतीने ब्रिटिश सरकारने १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात ०.४५० इंची काडतुसांवर बंदी घातली. कारखानदारांनी लगेच ०.४७० काढले.)

बेलने हजारावर हत्ती मारले, बहुतेक याच लहान गोळीने, हस्तिदंतासाठी. सेलूसला खांद्यावरच्या धक्क्याने घातलेली मर्यादा त्याला उरली नव्हती.

वर्गात १२ बोअरच्या नळीचा व्यास काढायला द्यावा. शिशाची घनता ११.३ घेतली, की १८.५ मिलीमीटर येतो.