कॅश, कॅशे आणि पेव

फोन मंदावला की घरातलं सगळ्यांत धाकटं माणूस मान वर न करता सांगतं, ‘कॅशे क्लिअर करा.’ आपण करतोही. नेमकं काय साफ झालं ते विचारत नाही. त्याच फोनवर जिओकॅशिंगचं अ‍ॅप असलं, तर हा शब्द अगदी उलट्या अंगाने भेटतो. शहरात कुणीतरी एक डबी दडवलेली असते, तिचे अक्षांश-रेखांश फोनवर दिलेले असतात, त्यांच्या मागाने जाऊन ती हुडकायची. इथे कॅशे साफ करून चालत नाही. सापडली की आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि होती तिथेच परत ठेवायची.

शब्द मूळचा फ्रेंच. ‘काशे’ म्हणजे लपवणे. आणखी मागे लॅटिनपर्यंत गेलं तर अर्थ निघतो दाबणे, चेपणे. यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. ‘प्रकरण दाबलं’ म्हणजे काय केलं, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. कॅनडाच्या रानात सापळे लावून जनावरांची कातडी गोळा करणारे फ्रेंच लोक माल आणि शिधा जमिनीत पुरून पुढे जात, परतताना काढून घेत. त्या खड्ड्याचं नाव कॅश. इंग्रजीने ते त्यांच्याकडून उचललं.

१८०५च्या जूनमध्ये अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळायला निघालेल्या लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेने मिसुरी नदीच्या काठी असे खड्डे खणले. लुईसच्या रोजनिशीत त्याची कृती आहे. आधी गवताची चकती अलगद कापून बाजूला ठेवायची. तोंड अरुंद ठेवून आत खड्डा रुंद करत न्यायचा. निघालेली माती नदीत टाकायची, म्हणजे ढिगाऱ्यावरून कुणाला सुगावा लागायला नको. माल भरून झाला की गवताची चकती पुन्हा जागच्या जागी.

अरुंद तोंड, मोठं पोट, सगळं जमिनीखाली. हे तर आपलं पेव! सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं प्रसिद्ध होती. हळद त्यांत वर्षानुवर्षं टिके. पेव आपण वापरातून घालवलं, पण वाक्प्रचारात ठेवलं. क्लासेसचं पेव फुटतं, पतसंस्थांचं फुटतं. मात्र ते फुटतं म्हणजे नेमकं काय होतं, हे धान्य बाहेर पडताना पाहिलेल्यालाच कळावं. खड्डा आणि पेव, दोन्हींचा शत्रूही एकच: पाणी. १८०६मध्ये लुईस परतला तेव्हा एका खड्ड्यात पाणी शिरून अस्वलांची कातडी आणि जमवलेल्या वनस्पतींचे नमुने वाया गेले होते. हरिपूरची बरीचशी पेवं २००५च्या महापुरात गेली.

संगणकात ‘कॅशे’ हा शब्द आला १९६८मध्ये, आयबीएमच्या सिस्टिम ३६० मालिकेतल्या ८५ क्रमांकाच्या यंत्राबरोबर. मुख्य स्मृतीआधी एक छोटी, चपळ स्मृती ठेवलेली. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ती दिसत नाही, म्हणून लपलेली. नाव चपखल होतं, ते टिकलं.

जिओकॅशिंगच्या खेळाचं बारसं त्यामानाने गमतीदार. २ मे २००० रोजी अमेरिकन सरकारने जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. शंभरेक मीटरचा गोंधळ एका रात्रीत वीसेक मीटरच्या आत आला. दुसऱ्या दिवशी डेव्ह अल्मर या गृहस्थांनी ओरेगन राज्यातल्या रानात प्लास्टिकची एक बादली अर्धवट पुरली, आत पुस्तकं, बेचकी, घेवड्याचा डबा असं काहीबाही ठेवलं आणि आकडे जगजाहीर केले. त्यांनी वापरलेला शब्द होता ‘स्टॅश’. पण इंग्रजीत स्टॅशला गांजा-चरसचा वास येतो. महिना संपायच्या आत खेळणाऱ्यांपैकीच एकाने ‘जिओकॅशिंग’ सुचवलं, आणि बादलीवरचा संशय फिटला. आता तर नियमाने जागेच्या मालकाच्या परवानगीशिवाय खड्डा खणायलाच बंदी आहे. म्हणजे ज्या खड्ड्यामुळे नाव मिळालं तोच जवळजवळ बाद!

शहरात तर जमिनीला हात लागतच नाही. डबी वाटाण्याएवढी, बुडाला लोहचुंबक. रेलिंगच्या खालच्या अंगाला किंवा बाकाच्या पायाला चिकटवलेली. आत कागदाची चिंचोळी गुंडाळी; ती उलगडताना नखं हवीत आणि पुन्हा गुंडाळताना धीर. फोन मोकळ्या आकाशाखाली पाचेक मीटरपर्यंत नेतो. उंच इमारतींत उपग्रहाचे संकेत भिंतींवर आपटून येतात, आणि नकाशावरचा ठिपका रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात जाऊन बसतो. मग फोन खिशात टाकून डोळे आणि बोटं वापरायची. तेही कुणाच्या लक्षात येऊ न देता. खेळाची गंधवार्ता नसलेल्यांना इंग्रजीत हॅरी पॉटरमधून उचललेला ‘मगल’ हा शब्द आहे. मराठीने उसनवारी कशाला करावी? आपल्याकडे ‘बघे’ आहेत. रेलिंगखाली हात घालून एक मिनिट उभे राहा, किती जमतात पाहा.

या खेळाला मराठीत ‘खजिन्याचा शोध’ म्हणतात, ते मला पटत नाही. त्या गुंडाळीत खजिना कुठे आहे? शिवाय खड्डा असो की संगणक, कॅशेतला माल ठेवणाऱ्यासाठीच असे. इथे तो अनोळखी माणसाला सापडावा म्हणूनच लपवतात. त्यामुळे ‘ठेवा’ हा शब्द अधिक जवळचा.

राहता राहिला उच्चार. इंग्रजी कोश सांगतो ‘कॅश’, आणि जाणकार ‘कॅशे’ म्हणणाऱ्याला हटकतात. टपाल तिकिटं जमवणारे तर म्हणतील, कॅशे आमचं. पहिल्या दिवसाच्या पाकिटावरच्या चित्राचं किंवा शिक्क्याचं ते नाव आहे. तेही खरं. गंमत अशी, की तो शिक्का त्याच ‘दाबणे’ अर्थाच्या शब्दातून निघालेला, म्हणजे आपल्या कॅशेचा भाऊ. इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळावर १८५४मध्ये जेम्स पेरट या वाटाड्याने भेटपत्रं ठेवायला बरणी ठेवली, त्यातून ‘लेटरबॉक्सिंग’ हा जिओकॅशिंगचा पूर्वज निघाला. त्या खेळात डबीबरोबर रबरी शिक्काही असतो. एका डबीत दोघे भाऊ!

मराठीत कॅश म्हणजे रोकड, यात बदल होणार नाही. तेव्हा दुसरीला कॅशे म्हणणं सोयीचं आहे, आणि फ्रेंच क्रियापदाच्या उच्चाराला ते इंग्रजीपेक्षा जवळचंही आहे. मी कॅशेच म्हणणार. पेवाखेरीज धान्य दडवून ठेवायच्या जागेला तुमच्या भागात आणखी शब्द असतील, तर घरातल्या जुन्या माणसांना विचारून ते जरूर कळवा.