खाच, पताम आणि दोन सुतांचे पाते

सागवानाची फळी पावसाळ्यात रुंदीला फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. लांबीत मात्र फरक जवळजवळ पडत नाही. बेळगाव जिल्ह्यात हे चटकन लक्षात येते. खानापूर-कणकुंबीकडे सह्याद्रीचा मुसळधार पाऊस, तर अथणीकडे कोरडे रान. एकीकडे घट्ट बसलेली फळी दुसरीकडे फट दाखवते. खाच हा त्यावरचा जुना तोडगा. चौकटीच्या आतल्या कडेला खाच पाडून मधली फळी तिच्यात सरस न लावता सोडली, की ती आत फुगते-आकसते आणि चौकट तडकत नाही.

या सीमाभागातल्या सुताराकडे, म्हणजे कानडीतल्या बडिगेराकडे, खाच पाडायची मूळ हत्यारे दोनच होती: करवत आणि पटाशी. आखलेल्या दोन रेघांवर करवत फिरवायची आणि मधले लाकूड मोगरीच्या ठोक्यांनी पटाशीने उडवायचे. लाकडाच्या रेषांना आडव्या जाणाऱ्या खाचेला आजही हाच मार्ग बरा, कारण आधी करवतीने रेषा तोडल्या नाहीत तर कडेचे लाकूड उचकटते. चांगल्या पाटाखालच्या आडव्या पट्ट्या अशाच खाचेत सरकवलेल्या असतात. खाचेच्या कडा आत तिरक्या कापल्यामुळे पट्टी खिळ्याशिवाय धरून राहते आणि पाटाला फुगायला वाव मिळतो. जुन्या बाजारपेठांतल्या दुकानांच्या फळ्यांचेही तंत्र खाचेचेच. उंबऱ्यात आणि वरच्या तुळईत लांब खाच असे. रात्री एकेक फळी तिच्यात सरकवून दुकान बंद व्हायचे.

लांब खाचेला पटाशी कंटाळवाणी. तिथे रंधा हवा. फळीच्या कडेला पायरीसारखा कापलेला भाग म्हणजे पताम. त्याच्या रंध्याचे पाते ठोकळ्याच्या पूर्ण रुंदीचे असते, म्हणून ते थेट कोपऱ्यापर्यंत पोचते. कडेपासून आत खाच पाडणाऱ्या रंध्याची रचना जास्त गुंतागुंतीची. अरुंद पाते धातूच्या पातळ पट्टीला टेकलेले असते, बाजूची सरकती पट्टी अंतर राखते आणि एक अडसर खोली ठरवतो. पात्याची रुंदी सुतात मोजतात. आठ सूत म्हणजे एक इंच, आणि दोन सुतांचे पाते सर्रास वापरातले. काम फळीच्या पुढच्या टोकाकडून छोट्या फटकाऱ्यांनी सुरू करून मागे सरकत न्यायचे. नवशिका नेमका उलटा जातो आणि खाच वाकडी होते.

युरोपात खाचेचा हा रंधा जुना आहे. लंडनच्या जोसेफ मॉक्सनने १७ व्या शतकातच त्याचे वर्णन केले होते. १८८० च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅन्ली कंपनीने अनेक पाती लागणारा लोखंडी ४५ नंबरचा रंधा आणला. इकडे बेळगावचा किल्ला १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला आणि पुढे तिथे छावणी वसली. छावणीबरोबर टेबल, ड्रॉवर, काचेची कपाटे अशा वस्तूंची चाल आली. ड्रॉवरच्या तळाला तीन बाजूंनी खाच लागते, काचेला पताम. १८८० च्याच दशकात बेळगाव-लोंढा भागात रेल्वे आली आणि घाटातल्या जंगलांचे लाकूड हलवणे सोपे झाले.

प्लायवूडने चित्र पालटले. आडवे-उभे थर चिकटवलेले असल्याने ते फारसे फुगत नाही. कपाटाची पाठीमागची फळी खाचेत बसवण्याऐवजी खिळ्यांनी ठोकली तरी चालते. जिथे खाच उरली तिथे विजेचा राउटर आला. मात्र त्याचे पाते गोल फिरते, म्हणून मध्येच थांबणाऱ्या खाचेची टोके अर्धगोल राहतात. ती चौकोनी करायला पटाशीच हाती घ्यावी लागते.