मंडळी गाते तेव्हा

रविवारी उपासनेला थोडं लवकर गेलं की पुष्कळ मेथडिस्ट चर्चमध्ये आधी नजर जाते ती भिंतीवरच्या लाकडी पाटीकडे. खाचेत सरकवलेले तीन-चार आकडे, म्हणजे त्या दिवशीच्या गीतांचे क्रमांक. पाटीवर ना कवीचं नाव असतं, ना गायकाचं. आकडा पाहायचा, गीतपुस्तक उघडायचं आणि सगळ्यांबरोबर उभं राहून गायचं. पुढे क्वायर असते, ऑर्गन किंवा पेटी-तबला असतो, पण त्यांचं काम मंडळीला गातं करण्याचं. याला संगीतसेवा म्हणतात. तिचं कूळ शोधत गेलं की आपण वादळात सापडलेल्या एका जहाजावर पोहोचतो.

ऑक्टोबर १७३५ मध्ये ‘सिमंड्स’ हे जहाज इंग्लंडहून अमेरिकेतल्या जॉर्जिया वसाहतीकडे निघालं. त्यावर जॉन आणि चार्ल्स वेस्ली हे भाऊ होते; मेथडिस्ट चळवळ पुढे त्यांच्यापासूनच सुरू झाली. दोघेही ऑक्सफर्डमध्ये शिकलेले, इंग्लंडच्या चर्चमध्ये धर्मगुरूपदाची दीक्षा घेतलेले. त्याच जहाजावर मोरेव्हियन पंथाचे २६ जर्मन होते. त्यांच्याशी बोलता यावं म्हणून जॉन जर्मन शिकू लागले.

२५ जानेवारी १७३६, रविवार. जर्मनांची उपासना स्तोत्रगायनाने सुरू झाली. स्तोत्र अर्ध्यावर आलं आणि समुद्र जहाजावर चालून आला. मोठ्या शिडाच्या चिंध्या झाल्या, पाणी दोन डेकांच्या मधल्या जागेत घुसलं. इंग्रज उतारूंमध्ये किंकाळ्या उठल्या. जर्मनांनी वर पाहिलं आणि खंड न पडू देता ते गात राहिले. नंतर जॉननी त्यांच्यातल्या एकाला विचारलं, भीती नाही वाटली? तो म्हणाला, नाही. आणि बायकामुलांना? त्यांनाही मरणाचं भय नाही, असं उत्तर आलं. ही सगळी हकीकत जॉननी रोजनिशीत लिहून ठेवली आहे. आपल्याजवळ नसलेलं काहीतरी या गाणाऱ्यांजवळ आहे, ही जाणीव त्या वादळाने त्यांना दिली.

इंग्लंडच्या चर्चमध्ये तेव्हा मुख्यतः बायबलमधल्या स्तोत्रसंहितेची छंदोबद्ध रूपं गायली जात. चर्चचा कारकून एकेक ओळ सांगायचा आणि लोक ती लांबवत, ओढत मागून म्हणायचे. मनुष्याने नव्याने रचलेलं गीत उपासनेत आणणं अनेकांना गैर वाटे. जॉननी मात्र १७३७ मध्ये चार्ल्सटनला ७० गीतांचं पुस्तक छापून घेतलं. त्यात जर्मन गीतांचे त्यांनी स्वतः केलेले अनुवाद होते, आयझॅक वॉट्स यांच्या रचना होत्या. त्याच वर्षी सव्हानाच्या ज्यूरीने जॉनविरुद्ध तक्रारींची यादी केली, तीत एक तक्रार हीच होती: मान्यता नसलेली गीतं हे उपासनेत आणतात. पुढे जगभर जे गाणं पसरलं, त्याची सुरुवातीची एक नोंद अशी आरोप म्हणून झाली.

मे १७३८ मध्ये, लंडनला परतल्यावर, दोघा भावांना तीन दिवसांच्या अंतराने श्रद्धेचा तो अनुभव आला ज्याची ते वाट पाहत होते. चार्ल्सच्या लेखणीला तिथून जी धार लागली ती आयुष्यभर टिकली. सहा हजारांहून अधिक गीतं त्यांनी रचली. घोड्यावरून गावोगाव जातानाही ते ओळी जुळवत असत.

या गीतांना घर मिळालं ते उघड्यावर. १७३९ मध्ये ब्रिस्टलजवळ, किंग्जवुडच्या कोळसा खाणकामगारांच्या वस्तीत मैदानी सभा सुरू झाल्या. श्रोत्यांत वाचता न येणारे पुष्कळ. पुढाऱ्याने ओळ-दोन ओळी वाचायच्या, लोकांनी त्या गायच्या. प्रवचन घरी जाईपर्यंत विसरतं, गाणं खाणीत उतरतानाही तोंडात राहतं. अभंग मुखी असलेल्या निरक्षर वारकऱ्याला ज्यांनी ऐकलं आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. चार्ल्सच्या गीतांत पाप, कृपा, क्षमा ही सगळी शिकवण वृत्तात बसवलेली होती. गाता गाता लोक धर्मशास्त्र पाठ करत होते.

चालींच्या बाबतीतही त्यांनी सोवळं पाळलं नाही. लंडनमध्ये तोफा ओतण्याचा एक पडका कारखाना घेऊन तिथे त्यांनी सभागृह केलं. ‘फाउंड्री’ हेच त्याचं नाव पडलं. तिथे गायल्या जाणाऱ्या चालींचं पुस्तक १७४२ मध्ये निघालं. १७४६ मध्ये चार्ल्सच्या २४ गीतांना जॉन फ्रेडरिक लॅम्पे यांनी चाली दिल्या. हे लॅम्पे लंडनच्या नाट्यगृहात ‘बसून’ नावाचं वाद्य वाजवणारे आणि ऑपेरा लिहिणारे संगीतकार. रंगभूमीवरचा गोडवा असा थेट प्रार्थनेत आला.

पण गाणारी मंडळी घडवावी लागते. १७६१ च्या गीतसंग्रहात जॉननी गाण्याविषयी सात सूचना छापल्या. आधी या चाली शिका. छापल्या आहेत तशाच गा. सगळ्यांनी गा, थकवा किंवा अशक्तपणा आड येऊ देऊ नका. अर्धमेल्यासारखे गाऊ नका, आवाज मोकळा सोडा. आपलाच गळा इतरांच्या वर ऐकू जावा अशी धडपड करू नका. ताल धरा, पुढे धावू नका, मागे रेंगाळू नका. आणि शेवटी, प्रत्येक शब्द गाताना लक्ष देवाकडे ठेवा. चौथ्या आणि पाचव्या सूचनेत संगीतसेवेचं सगळं मर्म आलं आहे. लाजून गप्प बसणाऱ्याला त्यांनी गायला लावलं आणि मिरवणाऱ्याला इतरांच्या आवाजात मिसळायला शिकवलं. १७८० मध्ये ५२५ गीतांचा मोठा संग्रह निघाला आणि मेथडिस्टांच्या हाती त्यांची गाथा आली.

मंडळीचा गाण्याचा हा हक्क लोकांनी किती मनावर घेतला होता, ते लीड्समध्ये दिसलं. १८२७ मध्ये तिथल्या ब्रन्सविक चॅपलमध्ये ऑर्गन बसवण्यावरून वाद पेटला. स्थानिक पुढाऱ्यांचा विरोध डावलून वरून परवानगी मिळाली आणि शेवटी मंडळीत फूट पडली. वाद अधिकाराचाही होता. पण ठिणगी पडली ती वाद्यावरून, कारण गाणं ही तिथे आतली गोष्ट होती.

इकडे मुंबईत मेथडिस्ट सभा सुरू झाल्या त्या १८७१ मध्ये, मिशनरी विल्यम टेलर यांच्या येण्याने. त्यांचे सहकारी जॉर्ज बोवेन यांच्या नावाचं चर्च मुंबईत आजही आहे. मराठी मंडळीच्या हातात मात्र ‘उपासना-संगीत’ असतं, आणि त्यात नारायण वामन टिळकांची गीतं आहेत. टिळक मेथडिस्ट नव्हते, त्यांचं काम अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनबरोबर झालं. पण अभंग-ओवीच्या वळणाने त्यांनी ख्रिस्ताला आळवलं आणि पंथांच्या भिंती ओलांडून ते सगळ्यांचे झाले. सभागृह कुणाचंही असो, परकी चाल येते, घरची होते आणि मंडळी तिला आपल्या गळ्यात घेते. वेस्लींनी जर्मन गीतांचं हेच केलं होतं.

मार्च १७९१ मध्ये लंडनच्या सिटी रोडवरच्या घरात जॉन वेस्ली शेवटच्या घटका मोजत होते. वय ८७. चार्ल्स तीन वर्षांपूर्वीच गेले होते. मृत्यूच्या आदल्या दिवशी अंथरुणावर पडल्या पडल्या जॉननी अचानक वॉट्स यांचं एक गीत गायला सुरुवात केली, तेव्हा जवळची माणसं चकित झाली. श्वास आहे तोवर निर्माणकर्त्याची स्तुती करीन, अशा अर्थाचं ते गीत. चार्ल्सटनच्या त्या पहिल्या पुस्तकात जॉननीच ते घेतलं होतं. मग त्राण गेलं. त्याच गीताचे आरंभीचे दोन शब्द ते पुन्हा पुन्हा म्हणू पाहत होते. पुढची ओळ त्यांना गाता आली नाही. पुढच्या रविवारी ती मंडळीने गायची होती.